सबस्क्राइबरचा आकडा आणि खरा प्रेक्षक

नवं यूट्यूब चॅनल काढणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो एक हजार सबस्क्राइबर पटापट पूर्ण करण्याचा. त्यासाठीच्या युक्त्याही तयारच असतात. ओळखीपाळखीच्या सगळ्या ग्रुपांवर लिंक टाका, ‘तुम्ही माझं चॅनल सबस्क्राइब करा, मी तुमचं करतो’ असे व्यवहार जमवा, जो वाद पेटलाय त्यावर दोन व्हिडिओ करून टाका, दिवसाला तीन शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, सोडा. हजार झाले की दहा हजार, मग लाख, मग भिंतीवर लावायला यूट्यूबकडून बक्षीस मिळणारं चंदेरी बटण. हे शिकवणाऱ्या चॅनलांचाच एक मोठा धंदा उभा राहिला आहे. मला या शिकवणीबद्दल मनापासून तक्रार आहे. या मार्गाने आकडा फुगतो, पण प्रेक्षक जमत नाही, आणि थोडाफार जमलेला असेल तर तोही विखुरतो. सगळा दोष चॅनलवाल्यांच्या माथी मारूनही चालणार नाही. सबस्क्राइब करण्याला पूर्वी जे वजन होतं ते यूट्यूबने स्वतःच कमी करत आणलं, आणि बाहेरचे आपण लोक त्या आकड्याला लायकीचा दाखला समजून बसलो.

हजाराचा आकडा आला कुठून, ते आधी बघू. २०१७ मध्ये आपल्या जाहिराती अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंवर दिसताहेत हे लक्षात आल्यावर बड्या जाहिरातदारांनी यूट्यूबकडे पाठ फिरवली. त्या एप्रिलमध्ये चॅनलला जाहिराती मिळण्यासाठी एकूण दहा हजार व्ह्यूजची अट आली. जानेवारी २०१८ मध्ये ती बदलून एक हजार सबस्क्राइबर आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तासांचा वॉच टाइम (लोकांनी व्हिडिओ पाहण्यात घालवलेला एकूण वेळ) अशी दुहेरी अट झाली. पुढे शॉर्ट्सवाल्यांसाठी तासांऐवजी ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूजचा पर्याय आला. २०२३ मध्ये पाचशे सबस्क्राइबरवर काही सोयी खुल्या झाल्या, पण जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा हवा असेल तर हजाराला पर्याय नाही.

या दुहेरी अटीतला पहिला भाग सगळ्यांच्या तोंडी असतो, दुसऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. हे सगळं त्या हजार जणांनीच पाहायचं म्हटलं तर प्रत्येकाने वर्षभरात चार तास तुमच्यासमोर बसायला हवं. अर्थात सबस्क्राइब न केलेल्यांचे तासही धरले जातात, त्यामुळे हिशेब इतका कडक नसतो. तरी त्यातून एक गोष्ट कळते. देवाणघेवाणीतून मिळालेले हजार जण तुमचा एकही मिनिट पाहत नाहीत. त्यांनी तुमचं बटण दाबलं ते स्वतःचं दाबलं जावं म्हणून. असं एकमेकांना सबस्क्राइब करणं, ‘सब फॉर सब’, यूट्यूबच्या नियमांत बसत नाही ही बाब तर आहेच, पण नियम नसता तरी तो तोट्याचाच सौदा ठरला असता.

हा तोटा नेमका कसा होतो ते सांगायला हवं, कारण ‘सबस्क्राइबर आहेत पण व्ह्यूज नाहीत’ ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि तिच्यामागे बहुतेक वेळा यूट्यूबचं कारस्थान शोधलं जातं. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींचा, म्हणजे कुणाला कुठला व्हिडिओ सुचवायचा याचा, आधार बदलला. त्याआधी व्ह्यूजना महत्त्व होतं, म्हणून भडक थंबनेल (व्हिडिओचं दर्शनी चित्र) लावून क्लिक मिळवणाऱ्यांची चलती होती. त्या वर्षीपासून लोक किती वेळ पाहतात याला वजन आलं. २०१६ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातलं चित्र असं होतं की आधी लाखो व्हिडिओंतून एखाद्या प्रेक्षकासाठी काहीशे निवडायचे आणि मग तो कुठला व्हिडिओ किती वेळ पाहील याचा अंदाज बांधून त्यांचा क्रम लावायचा. त्यानंतर यंत्रणा पुष्कळ बदलली, समाधान मोजण्यासाठी प्रेक्षकांना प्रश्न विचारणंही त्यात आलं. पण सुरुवात अजूनही एका प्रेक्षकापासूनच होते. यंत्रणेपुढचा प्रश्न असतो, की या माणसाला आत्ता काय दाखवलं तर तो बघेल.

आता नवा व्हिडिओ आला की तो कुणासमोर ठेवायचा? ज्यांनी तुमच्याशी पूर्वी काही संबंध ठेवला त्यांच्यासमोर ठेवणं साहजिक आहे. त्यांतले बहुसंख्य तुमच्या विषयाशी देणंघेणं नसलेले असतील तर ते थंबनेलवरून नजर फिरवून पुढे जातात. ज्यांच्या प्रतिसादावरून ‘हा व्हिडिओ अशा लोकांना आवडतो’ हे यंत्रणेला कळायचं, तेच गप्प राहिल्यावर ती काय शिकणार? पाच हजार उदासीन सबस्क्राइबर असलेल्या चॅनलपेक्षा तीनशे उत्सुक प्रेक्षक असलेलं चॅनल पुढे जाण्याची शक्यता जास्त असते ती यामुळे.

यूट्यूबच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१८ मध्ये सांगितलं होतं की तिथल्या एकूण पाहण्यापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे घडतो. म्हणजे तुम्हाला पाहणारे बहुतेक लोक तुमच्या नावाने तुम्हाला शोधत आलेले नसतात, कुणीतरी त्यांच्यापुढे तुम्हाला आणून ठेवलेलं असतं. मोठा प्रेक्षकवर्ग हवा असेल त्याने हे वाक्य लक्षात ठेवावं. अनोळखी माणूस दारात आला आहे, त्याला तुमचं नाव ठाऊक नाही, आणि तो थांबेल की जाईल ते पहिल्या काही सेकंदांत ठरणार आहे.

ते ठरताना प्रत्यक्ष पाहता येतं. चॅनलवाल्यांसाठीच्या यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली रिटेन्शनचा, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती लोक टिकले याचा, आलेख मिळतो. समजा, घरच्या छोट्या दुर्बिणीतून शनीची कडी कशी पाहायची यावर कुणी दहा मिनिटांचा व्हिडिओ केला आहे. सुरुवातीला चॅनलचा फिरता लोगो, त्यामागे संगीत. मग नमस्कार, स्वागत, चॅनलवर नवे असाल तर सबस्क्राइब करा, शेजारची बेल दाबा, व्हिडिओ आवडला तर शेअर करा. मग आज आपण काय बघणार आहोत त्याची घोषणा. आलेखाची रेघ याच टप्प्यावर कड्यावरून उतरावी तशी खाली येते. व्हिडिओ अजून सुरूच झालेला नसतो आणि प्रेक्षकांचा मोठा हिस्सा निघून गेलेला असतो. पुढे पाचव्या मिनिटाच्या आसपास रेघेला मध्येच उंचवटा येतो. तिथे निवेदक आयपीस बदलतो, फोकसचं चाक हळूहळू फिरवतो आणि धुरकट ठिपक्याभोवती कडं दिसू लागतं. लोक तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा बघत असतात. हा आलेख ज्याला वाचता आला त्याला वेगळ्या गुरूची गरज नाही. पुढच्या व्हिडिओत तो कडं दिसण्याचा क्षण पहिल्या दहा सेकंदांत दाखवेल, मग म्हणेल की इथवर कसं पोचायचं ते बघू. आणि सबस्क्राइब करण्याची विनंती तो उंचवट्यानंतर ठेवेल, कारण त्या क्षणी बघणाऱ्याला काहीतरी मिळालेलं असतं. देण्याआधीच मागणं मला असभ्य वाटतं, आणि आलेख सांगतो की ते परवडतही नाही.

थंबनेल आणि शीर्षकाबद्दलही थोडं बोलू. थंबनेल आकर्षक असायलाच हवं, त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. यूट्यूबने स्वतः दिलेल्या माहितीनुसार निम्म्या चॅनलांचा आणि व्हिडिओंचा क्लिक होण्याचा दर दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे शंभर जणांसमोर चित्र गेलं तर नव्वदच्या वर लोक पुढे जातात. दर तीन टक्के आला म्हणून हताश होणाऱ्या नवख्याला हे कुणी सांगत नाही. पण चित्रात आणि शीर्षकात जे कबूल केलं ते व्हिडिओत मिळालंच पाहिजे. यूट्यूबने एकाच व्हिडिओची तीन थंबनेल ताडून पाहण्याची सोय दिली आहे, आणि त्यात विजेता ठरतो तो वॉच टाइमवरून. ज्या चित्राने क्लिक जास्त मिळवले पण लोकांना टिकवलं नाही, ते हरतं. खोटं थंबनेल लावा म्हणणाऱ्या सल्लागारांना या सोयीनेच उत्तर दिलं आहे.

शॉर्ट्सबद्दल माझं मत जरा कडक आहे. शॉर्ट्समधून सबस्क्राइबर झपाट्याने येतात, हे खरं. चाळीस सेकंदांचं कौशल्य अस्सल असेल तर त्यातून लोक मोठ्या व्हिडिओकडे वळतातही. पण दहा मिनिटं शांतपणे समजावून सांगणं हा ज्याचा पिंड आहे, त्याने केवळ आकड्यासाठी रोज शॉर्ट्स सोडले, की अंगठ्याने वर सरकवत जाणारे प्रेक्षक त्याच्या नावावर जमा होतात आणि मोठा व्हिडिओ आला की त्यांतलं कुणी फिरकत नाही. शिवाय तिथले व्ह्यूजही आता जपून वाचायला हवेत. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद पाहिला याची अट नाही. पैसे आणि पात्रता ठरवताना यूट्यूब स्वतः हा आकडा वापरत नाही, खरोखर थांबून पाहिलेले व्ह्यूज वेगळे मोजतं. ज्या आकड्यावर कंपनी पैसे द्यायला तयार नाही, तो आपण का मिरवायचा?

आकड्याची शर्यत हाताबाहेर गेली की काय होतं, ते २०१८–१९ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. सर्वाधिक सबस्क्राइबर कुणाचे यावरून प्यूडीपाय आणि टी-सीरीज यांच्या चाहत्यांत झुंज लागली होती. एकीकडे घरी बसून व्हिडिओ करणारा एकटा तरुण, दुसरीकडे गाण्यांची कंपनी. लोक सबस्क्राइब करत होते ते बाजू घेण्यासाठी. मतदान करावं तसं बटण दाबलं जात होतं. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चमधल्या मशिदींवर गोळीबार करणाऱ्याने ‘प्यूडीपायला सबस्क्राइब करा’ ही चाहत्यांच्या मोहिमेची घोषणा उच्चारली, आणि एप्रिलच्या शेवटी खुद्द प्यूडीपायने चाहत्यांना मोहीम थांबवण्याची विनंती केली. मेमध्ये टी-सीरीजने दहा कोटींचा टप्पा गाठला, आणि जून २०२४ मध्ये मिस्टरबीस्ट हा अमेरिकन यूट्यूबर त्यांच्याही पुढे गेला. त्या हल्ल्याला सबस्क्राइबरची मोजणी जबाबदार होती असं मी म्हणत नाही. पण आकडाच ध्येय झाला की त्याच्याभोवती जमणाऱ्या जमावावर कुणाचा ताबा राहत नाही, चॅनलच्या मालकाचाही नाही, हे त्यातून दिसलं.

एखादं मोजमाप उद्दिष्ट झालं की मोजमाप म्हणून ते निकामी होतं, असा एक नियम अर्थशास्त्रात सांगतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात मांडलेल्या निरीक्षणातून तो रूढ झाला. यूट्यूबलाही याची कल्पना आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीने खोटी सबस्क्राइबर खाती मोठ्या प्रमाणावर काढून टाकली. २०१९ मध्ये हजारावरचे आकडे सर्वांना संक्षिप्त रूपात दाखवायला सुरुवात केली आणि आकड्यांचा ताण कमी व्हावा हाही हेतू बोलून दाखवला. तरीही लाखाला चंदेरी, दहा लाखांना सोनेरी आणि एक कोटीला हिऱ्याचं बटण ही बक्षिसं सबस्क्राइबरच्या संख्येवरच दिली जातात. एका हाताने ताण कमी करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच आकड्याला पदक द्यायचं, हे मला पटत नाही.

यावर सच्चा आक्षेप एकच आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. चॅनलवर ज्याचं पोट आहे त्याला आकड्याविना चालत नाही. प्रायोजक पहिला प्रश्न सबस्क्राइबर किती हाच विचारतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले पंचावन्न टक्के आणि शॉर्ट्समधल्या वाट्याचे पंचेचाळीस टक्के क्रिएटरला मिळतात खरे, पण त्यावर घर चालेल इतके व्ह्यूज फार थोड्यांना असतात. अशा माणसाला ‘आकडा विसर, मनापासून काम कर’ असं सांगणं हा कोरडा उपदेश झाला. म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे. मोठं व्हायचंच असेल तर कुठला आकडा वाढवायचा ते नीट निवडा. स्टुडिओत नवे प्रेक्षक आणि परत येणारे प्रेक्षक वेगळे दिसतात. प्रत्येक व्हिडिओमुळे किती सबस्क्राइबर आले आणि किती गेले, तेही दिसतं. परत येणाऱ्यांची रेघ महिन्यामागून महिना वर जात असेल, तर एकूण आकडा आज लहान असला तरी चॅनल वाढतं आहे. ती सपाट असेल आणि एकूण आकडा उसळत असेल, तर गर्दी नुसती येऊन जाते आहे. प्रायोजकालाही हा आलेख दाखवता येतो, आणि ज्याला खरंच माल विकायचा आहे तो प्रायोजक त्याकडे दुर्लक्ष करणार नाही.

माणूस परत येतो तो पुढे काय मिळणार आहे याचा अंदाज असल्यामुळे. दुर्बिणीवाल्या चॅनलवर आज शनी, पुढच्या वेळी चंद्राची विवरं, मग सूर्याकडे सुरक्षितपणे कसं पाहायचं, अशी माळ असेल तर पहिला व्हिडिओ पाहणाऱ्याला दुसऱ्याचं कारण आपोआप मिळतं. त्याच चॅनलवर मध्येच एका नटाच्या घटस्फोटाचा व्हिडिओ आला, कारण त्या आठवड्यात तो विषय चालत होता, तर त्यातून आलेले लोक गुरूच्या चंद्रांसाठी थांबत नाहीत आणि गुरूच्या चंद्रांसाठी आलेले बुचकळ्यात पडतात. विषय कधीच बदलू नये असा याचा अर्थ नाही. माणूस वाढतो, त्याचं कुतूहल सरकतं, प्रेक्षकही बरोबर सरकतो. फक्त तो बदल तुमच्या आतून आलेला हवा.

नियमितपणाबद्दल सांगितलं जातं त्यातलं निम्मं खरं आहे. ठरलेल्या लयीने व्हिडिओ येणं प्रेक्षकाला आवडतं. पण रोज व्हिडिओ टाकला नाही तर अल्गोरिदम शिक्षा करतो, ही भीती घालून कितीतरी चांगल्या माणसांना थकवलं गेलं आहे. महिन्याला एकच व्हिडिओ करून मोठी झालेली चॅनलं आहेत. पंधरा दिवस विश्रांती घेतलेल्या माणसाचा पुढचा व्हिडिओ चांगला असेल तर लोक पाहतात. हे मी ठासून सांगतो, कारण झोप, तब्येत आणि घरची माणसं बाजूला सारून व्हिडिओ काढणारे तरुण आजूबाजूला दिसतात आणि काळजी वाटते.

आता आपल्याबद्दल, म्हणजे पाहणाऱ्यांबद्दल. वीस लाख सबस्क्राइबर आहेत म्हणून एखाद्याचा औषधाचा सल्ला ऐकणं, किंवा आयुष्याची बचत कुठे गुंतवावी हे त्याच्यावर सोपवणं, हे सर्रास चालतं. बातम्यांत, चर्चांत, शाळा-कॉलेजांच्या कार्यक्रमांत पाहुण्याची ओळख त्याच्या सबस्क्राइबरच्या आकड्याने करून दिली जाते. तो आकडा फक्त इतकंच सांगतो, की कधीतरी तितक्या खात्यांवरून बटण दाबलं गेलं. यूट्यूबने २०२१ पासून काही देशांत आरोग्याच्या व्हिडिओखाली स्रोत कोण आहे ते सांगणारी पट्टी लावायला सुरुवात केली, त्यात वैद्यकीय संस्था आहे का हे दाखवलं जातं. सबस्क्राइबरची संख्या विश्वासार्हतेला पुरेशी असती तर या पट्टीची गरजच पडली नसती. आर्थिक सल्ल्याच्या बाबतीतही असा काही भेद प्रेक्षकाला दिसायला हवा.

आणि यूट्यूबकडून माझी ठाम अपेक्षा आहे. प्रेक्षक सबस्क्राइब करतो तेव्हा तो स्पष्टपणे सांगत असतो, की या माणसाचं पुढचं काम मला बघायचं आहे. ही विनंती पाळली जायला हवी. आज तसं होत नाही. सबस्क्राइब केल्यावर सूचनांची जी रचना आपोआप लागू होते, ती ‘निवडक’ असते. कुठली सूचना पाठवायची ते यंत्रणा ठरवते, आणि सगळ्या हव्या असतील तर बेल दाबून वेगळं सांगावं लागतं. सबस्क्रिप्शनचं पान आहे, पण अॅप उघडतं ते होम पानावर, जिथे अनोळख्यांचा बाजार असतो. ज्यांना हवं त्यांच्यासाठी अॅप थेट सबस्क्रिप्शनच्या पानावर, तारखेच्या क्रमाने उघडण्याची सोय देणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने अति मोठ्या मंचांवर, वापरकर्त्याची वैयक्तिक माहिती न वापरता शिफारशी मिळण्याचा किमान एक पर्याय देण्याचं बंधन घातलं आहे. इतर देशांनी त्याच्याही पुढे जाऊन प्रेक्षकाने स्वतः निवडलेल्या चॅनलांना प्राधान्य मिळण्याचा हक्क मागायला हवा.

याला जोडूनच दुसरी मागणी आहे. नव्वद दिवसांत नियमभंगाचे तीन स्ट्राइक बसले की चॅनल बंद होतं, आणि वर्षानुवर्षं जोडलेला प्रेक्षक एका दिवसात नाहीसा होतो. प्रेक्षकाला आपल्या सबस्क्रिप्शनची यादी गूगलकडून उतरवून घेता येते, पण चॅनल चालवणाऱ्याला त्या लोकांपर्यंत पोचण्याचा कुठलाच स्वतंत्र मार्ग मिळत नाही. ज्या प्रेक्षकाची तयारी आहे त्याने आपला संपर्क चॅनलला द्यावा, आणि चॅनल गेलं तरी तो संपर्क टिकावा, अशी व्यवस्था मंचातच असली पाहिजे. ती येईपर्यंत जो कुणी या कामात गंभीरपणे उतरला आहे, त्याने स्वतःची वेबसाइट आणि ईमेलची यादी पहिल्या शंभर प्रेक्षकांपासूनच सुरू करावी. लाखाची वाट बघत थांबू नये.